तळघराचे दोन झरोके

तीन वर्षांपूर्वीच्या मार्चमध्ये सलग चार दिवस मी एका रिकाम्या घराच्या तळघराचे दोन झरोके सकाळी उघडले आणि संध्याकाळी पुन्हा लावून घेतले. घर माझं नव्हतं. किल्ली विश्वासानं माझ्याकडे ठेवलेली होती. कामाला काही मेहनत पडली नाही आणि कुणी पाहिलंही नाही. तरी माझ्या हातून घडलेलं सर्वांत वाईट काम कोणतं, असं मला विचारलं तर मी हेच सांगेन.

संपादकांनी खरं तर 'घरं तपासणाऱ्या माणसाचे गमतीदार अनुभव' मागितले होते. गमती आहेत. त्यातल्या दोन आधी सांगतो, म्हणजे माझा धंदा काय ते कळेल.

जळगाव आणि धुळे या दोन जिल्ह्यांत लोक घर विकत घेण्याआधी मला ते दाखवायला नेतात. मी हातोडीनं प्लास्टर ठोकत जातो, पोकळ आवाज आला की खडूनं खूण करतो. गच्चीवर पाणी सोडून उतार बघतो. संडासाच्या भिंतीमागे हात लावून ओल बघतो. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात फाटते, त्यामुळे उथळ पायाच्या घराला खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरक्या भेगा जातात. मालक विकण्याच्या आदल्या आठवड्यात त्या भरून रंग मारतो. रंग नवा आणि पंखे जुने दिसले की मी भिंतीजवळ जाऊन उभा राहतो.

धुळ्याला एक काका होकायंत्र घेऊन आले होते. ते त्यांनी खिडकीच्या लोखंडी ग्रिलवर ठेवलं आणि काटा फिरला. काका गंभीर झाले. "या घरात उत्तर एका जागी राहत नाही," म्हणाले आणि व्यवहार मोडला. बोदवडच्या एक बाई प्रत्येक खोलीत दहा-दहा मिनिटं डोळे मिटून बसायच्या. मला वाटलं, ध्यान करतात. त्या म्हणाल्या, "भाऊ, शेजारी भांडतात का ते ऐकते. भेग तुम्ही बुजवून द्याल, शेजारी कोण बुजवणार?"

दिशा बघितली जायची, पाणी बघितलं जायचं, सातबारा आणि शेजारी बघितले जायचे. घराच्या आतली हवा कशी आहे हे मला इतक्या वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. ते पहिल्यांदा शैलानं विचारलं, आणि माझं बिघडलं ते तिथून.

शैलानं आणि मी धुळ्याला एकाच वर्गात डिप्लोमा केला. सिव्हिलला मुली मोजक्याच होत्या. मी पहिला यायचो, ती दुसरी. ती माझ्याकडून ड्रॉइंगच्या शीट समजून घ्यायची आणि मी मोठेपणानं समजावून सांगायचो. पुढे तिचं लग्न झालं, ती जळगावात संसारात रमली. कधी बाजारात भेटली की "काय हेमंत, किती घरं पाडलीस?" म्हणून हसायची. मलाही ते आवडायचं. धंद्यात माझं नाव झालं होतं आणि ती गृहिणी होती. तोवर आमची मैत्री सोपी होती.

मुलं मोठी झाल्यावर तिनं कुठलासा अभ्यासक्रम पूर्ण केला आणि घरांतला रेडॉन तपासायचं काम सुरू केलं. आमच्या कॉलनीच्या सभागृहात तिचं पहिलं व्याख्यान झालं तेव्हा मी शेवटच्या रांगेत बसलो होतो.

तिनं सांगितलं ते साधं होतं. जमिनीत, दगडात अगदी थोडं युरेनियम सगळीकडे असतं. त्याचं रूपांतर होता होता रेडॉन नावाचा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळे चुरचुरत नाहीत. उघड्यावर तो विरून जातो. घराच्या खालच्या फटींतून आत आला आणि खोली बंद असली तर साठतो. वर्षानुवर्षं अशा हवेत राहिलं तर फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका वाढतो, आणि विडी-सिगारेट ओढणाऱ्याला जास्तच.

मी उठून म्हणालो, "मॅडम, आपल्या पायाखाली सगळा काळा पाषाण. त्यात युरेनियम नावापुरतं. उगाच लोकांना कशाला घाबरवायचं?"

लोक हसले. शैलाही हसली. "हेमंत म्हणतो ते बरोबर आहे. आपल्याकडे बहुतेक घरांत काही सापडत नाही. नाही सापडलं की मी तसंच लिहून देते. पण तळघर असेल, खाली काही बुजवलेलं असेल, दिवसभर एसी लावून खोली बंद असेल, तर एकदा बघून घ्यायला काय हरकत आहे?"

तिनं माझं म्हणणं खोडलं असतं तर मला बरं वाटलं असतं. भांडता आलं असतं. तिनं ते मान्य केलं आणि पुढे गेली.

त्यानंतर गिऱ्हाईक माझ्यासमोर तिचं नाव घेऊ लागलं. "तुम्ही भिंती बघा, हवेचं शैलाताईंना विचारू." कुणी म्हणायचं, "बाई फार खरं बोलतात." मी हो म्हणायचो आणि हातोडी जरा जोरात मारायचो. घरी बायको म्हणाली, "शैलाचा फोटो पेपरात आलाय, बघितला का?" मी चष्मा सापडत नाही म्हणालो. चष्मा माझ्या डोळ्यांवर होता.

अशात वसंत नाना आले. धरणगावकडचे निवृत्त शिक्षक. मुलगा आणि सून जळगावात नोकरीला, म्हणून नाना आणि लीलाअक्का गावचं घर सोडून शहरालगत घर घेत होते. त्यांनी पसंत केलेलं घर सहा वर्षांपूर्वी माझ्याच देखरेखीखाली बांधलेलं होतं; तेव्हा मी बांधकामंही घ्यायचो. मूळ मालक परगावी गेला होता. नानांना उलट बरं वाटलं. "बांधणाराच तपासणारा आहे, मग काय पाहिजे?" असं विचारायला नको होतं, आणि मीही मान हलवायला नको होती.

त्या घराची एक गोष्ट मी नानांना सांगितली नव्हती. ते लपवायचं म्हणून नव्हे; सांगण्यासारखं त्यात काही आहे असं मला वाटलंच नव्हतं. प्लॉट पूर्वी शेत होता आणि घराच्या मागच्या अर्ध्या भागाखाली जुनी विहीर होती. ती आम्ही बुजवली. भरायला दगडगोटे कमी पडले तेव्हा फरश्या कापणाऱ्या एका कारखान्याच्या मागे पडलेले ग्रॅनाइटचे तुकडे ट्रॉली भरभरून आणले. वर तळघर काढलं. आपल्याकडे उन्हाळा कसा असतो हे सांगायला नको. ज्याला जमतं तो जमिनीखाली एक खोली करतोच.

विहीर बुजवताना आपल्या भागात तिच्या तोंडातून एक नळी वर काढून ठेवतात. युसूफचाचा आमचे जुने मिस्त्री. त्यांनी न विचारता नळी बसवली आणि तळघराच्या कोपऱ्यातून गच्चीपर्यंत नेली.

"चाचा, हे काय?" मी विचारलं.

"विहीर आहे, हेमंतभाऊ. तिला दम घ्यायला जागा लागते."

"मेलेली विहीर दम घेते?"

"मेली की नाही ते तुम्ही शिकलेले लोक सांगा. आम्ही फक्त नळी ठेवतो."

मालकाला कोपऱ्यातली नळी खुपत होती. मलाही ती अडाणीपणाची खूण वाटत होती. मी ती जमिनीलगत कापून घेतली, वर सिमेंटचा गिलावा आणि त्यावर फरशी. गच्चीवरचं भोकही बुजवलं. फरशी बसवायला मात्र चाचांनी दुसऱ्याला पाठवलं.

नानांनी बयाणा दिला आणि खरेदीखताआधी शैलाला बोलावलं. शाळेच्या कार्यक्रमात त्यांनी तिला ऐकलं होतं. ती कोळशाची डबी घेऊन आली. बुटांच्या पॉलिशच्या डबीसारखी, पण मोठी. आत सक्रिय कोळसा असतो, तो हवेतला रेडॉन शोषतो. डबी तळघरात उघडी ठेवायची, चार दिवस दारं-खिडक्या बंद, मग डबी सील करून प्रयोगशाळेत पाठवायची.

"हेमंत, किल्ली तुझ्याकडे आहे ना?" शैला म्हणाली. "कुणाला आत जाऊ देऊ नकोस. झरोके तर अजिबात उघडायचे नाहीत. आणि शेवटच्या दिवशी जास्त जप, कोळसा शेवटच्या तासांची हवा जास्त धरून ठेवतो."

ती हे सगळं मला ड्रॉइंगच्या शीटच्या दिवसांसारखं, पण उलट्या बाजूनं समजावत होती. मी मान हलवत ऐकत होतो.

त्या घरात रेडॉन आहे असं मला तेव्हा वाटत नव्हतं, हे मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे. पण तसं असतं तर झरोके कशाला उघडले असते? सापडलं तर मी बांधलेल्या आणि मी तपासलेल्या घरात ते शैलाला सापडलेलं असेल, एवढंच माझ्या डोक्यात होतं. चारही दिवस मी सकाळी गेलो, झरोके उघडले, जिन्याचं दार उघडं टाकलं, टेबलफॅन लावून ठेवला. चौथ्या दिवशी तर ती येण्याच्या तासभर आधीपर्यंत. मग सगळं लावून तिची वाट बघत बाहेर पायरीवर बसलो. तिनं येताना माझ्यासाठी भरीत-भाकरीचा डबा आणला होता. "दिवसभर राखण करतोस म्हणून," म्हणाली. मी तो खाल्ला.

निकाल मर्यादेच्या आत आला. शैलानं तसं लिहून दिलं, खाली एक ओळ जोडली: तळघर वापरात आल्यावर उन्हाळ्यात पुन्हा तपासावं. नाना म्हणाले, "पास झालो ना, मग पुन्हा परीक्षा कशाला?" घर घेतलं गेलं.

दोन उन्हाळे गेले. शैलाचं काम वाढत होतं आणि माझा पोटशूळही. शेवटी मी ठरवलं की हे कामच आपण करायचं. हातात मावेल असं एक यंत्र मी मागवलं, ते तासातासाचे आकडे दाखवतं. माझ्या घरात लावलं, काही नाही. भावाच्या घरात, काही नाही. गेल्या वर्षी मे महिन्यात नानांचा फोन आला की तळघराच्या भिंतीला ओल दिसते. मी गेलो तेव्हा यंत्र पिशवीत होतं.

तळघरात चार गाद्या अंथरलेल्या होत्या. एका कोपऱ्यात छताच्या हुकाला पाळणा. नानांची नात सात महिन्यांची होती. झरोक्यांना अक्कांनी गोणपाट लावून वर पुठ्ठा ठोकला होता, गरम वारा येऊ नये म्हणून.

"बठ्ठा अठेच झोपतस भाऊ," अक्का कौतुकानं म्हणाल्या. "वरे पोरीले घाम येस. अठे कशी गार शे."

पाळण्याखालची फरशी मी ओळखली. तीच, कापलेल्या नळीवरची.

ओलीचा तपास म्हणून मी यंत्र तिथं ठेवलं. तीन दिवसांनी बघितलं तर आकडा मर्यादेच्या कितीतरी वर होता. मला वाटलं यंत्र बिघडलं. घरी आणलं, खाली आलं. परत नेलं, परत चढलं. मी त्यांच्या जिन्याच्या पायरीवर बसून राहिलो. नानांनी बिडी पेटवली आणि मला विचारलं, "काय झालं हेमंतभाऊ, चक्कर आली का?"

त्या दिवशी मी खरं सांगितलं असतं तर हा लेख छोटा झाला असता. मी म्हणालो, "इथं रेडॉन दिसतोय. आजपासून सगळे वर झोपा." आणि शैलाला फोन केला, कारण पुढे काय करायचं ते मला येत नव्हतं.

ती तासाभरात आली. आकडे बघितले, गोणपाट बघितलं, जमिनीवर हात फिरवला. "खाली काय आहे?" मी विहिरीचं सांगितलं, ग्रॅनाइटचं सांगितलं, नळीचंही सांगितलं. ती रागावली नाही. वायू ग्रॅनाइटच्या तुकड्यांतून येतो की खालच्या पाषाणाच्या भेगांतून, हे नक्की सांगता येणार नाही, पण विहीर म्हणजे त्याला वर यायला तयार रस्ता, असं तिचं म्हणणं. नळी परत उघडायची, गच्चीच्या वर न्यायची आणि तिला लहान पंखा बसवायचा, म्हणजे खालची हवा घरात न येता बाहेर ओढली जाईल. जगात सगळीकडे असंच करतात म्हणाली. युसूफचाचा आता थकलेत, तरी आले. फरशी त्यांनी स्वतः फोडली.

"दम घेऊ द्या आता तिला," एवढंच म्हणाले.

अक्का बघत होत्या. "मन्हा माहेरले बी विहीर बुजाडी तवय नळी ठेयेल व्हती. हाई कोणी तोडी?"

"मी तोडली, अक्का," मी म्हणालो. एवढं कबूल करणं सोपं होतं. ती चूक होती आणि चुका सगळ्यांच्या होतात.

फटी भरल्या, पंखा बसला, आकडा उतरला. नाना घाबरून शैलाला विचारत होते की आता पोरीचं काय, आमचं काय. तिनं खोटा धीर दिला नाही आणि उगाच भीतीही घातली नाही. धोका वर्षानुवर्षांच्या मुक्कामानं वाढतो, दोन उन्हाळ्यांत वेळेवर सापडलं हे चांगलं, आणि आज तपासून सांगता येईल असं शरीरात काही नसतं, असं तिनं सांगितलं. मग म्हणाली, "नाना, आजपासून बिडी मात्र बंद. ती तुमच्या हातात आहे." नानांनी बंडल खिशातून काढून युसूफचाचांना दिलं. चाचा म्हणाले, "मला कशाला देता मास्तर, मला काय पोरंबाळं नाहीत?" आणि कचऱ्यात टाकलं.

इथपर्यंत सगळं ठीक झालं असं वाटेल. पण कॉलनीत वेगळीच गोष्ट पसरली. शैलाताईंनी पास केलेल्या घरात हेमंतभाऊंनी रेडॉन पकडला. लोक मला फोन करू लागले. "ताईंनी तपासलेलं आहे हो, पण तुम्ही एकदा बघाल का?" नाना भल्या माणसासारखं म्हणायचे, "बाई चांगल्या आहेत, पण डबी खोटी निघाली." मी काही बोलायचो नाही. न बोलण्यानंच काम भागत होतं. जे मला इतकी वर्षं हवं होतं ते सगळं आलं, आणि खरं सांगतो, पहिले काही आठवडे ते गोड लागलं.

मग एक दिवस शैला माझ्या ऑफिसात आली. तिच्या हातात तिच्या सगळ्या जुन्या गिऱ्हाइकांची यादी होती.

"हेमंत, मी सगळी घरं पुन्हा तपासून देणार आहे, फुकट. माझं कुठं चुकलं तेच कळत नाही रे. डबी नीट सील केली होती, दुसऱ्याच दिवशी पाठवली होती. तू तिथं होतास. माझं काही चुकताना तुला दिसलं का?"

मी म्हणालो, "नाही."

"मग बहुतेक मला हे जमत नाही. ही घरं झाली की थांबते." ती यादी घडी घालून उठली. "तू चालू ठेव. तुझं यंत्र चांगलं आहे."

दारापर्यंत जाऊन ती वळली आणि म्हणाली, "बरं झालं तुला सापडलं. पोरगी झोपत होती तिथं."

मला त्यानंतर काम सुचेना. एका घरी हातोडी ठोकता ठोकता मी भिंतीच्या एकाच जागी किती वेळ ठोकत होतो ते मालकानं सांगितल्यावर कळलं. आठवडाभरानं, रविवारी सकाळी, मी शैलाला नानांच्या घरी बोलावलं. पंखा बघायचा आहे असं सांगितलं. नाना, अक्का, शैला, तिघंही बैठकीत होते. नात अक्कांच्या मांडीवर. चहा आला. मी कप हातात घेतला आणि खाली ठेवला.

"डबी खोटी नव्हती," मी म्हणालो. "शैलाचं काही चुकलं नव्हतं. ते चार दिवस मी रोज सकाळी झरोके उघडत होतो. पंखाही लावत होतो. संध्याकाळी बंद करायचो, शेवटच्या दिवशी ती येण्याआधी."

नानांचा हात खिशाकडे गेला, बिडी नव्हती, तो परत आला. शैला माझ्याकडे बघत नव्हती. तिनं पिशवीतून यादी काढली होती, ती हातात तशीच धरून बसली होती.

अक्कांनी विचारलं, "कसाले, भाऊ?"

सांगायला पुष्कळ कारणं होती. घर माझं बांधलेलं, नळी माझी कापलेली, नाव जाईल ही भीती. ती खरीही होती. पण अक्का उत्तराची वाट बघत होत्या आणि मांडीवरची पोर त्यांच्या बांगड्या ओढत होती.

"हिचं चांगलं चाललं होतं, अक्का. मला बघवत नव्हतं."

अक्कांनी पोरीला उचलून छातीशी धरलं. "आते सांगी ऱ्हायनात," आता सांगताय, एवढंच त्या म्हणाल्या.

मी माझ्या लेटरहेडवर लिहून आणलेला कागद शैलासमोर ठेवला. झरोके, पंखा, तारखा, सगळं त्यात होतं, खाली सही. "तुझ्या यादीतल्या प्रत्येक घरी हा मी स्वतः नेऊन वाचून दाखवणार आहे," मी म्हणालो. "तुझ्या सोबतीनं नाही, एकटा. शैला, मला माफ कर. अक्का, नाना, या पोरीसमोर बोलायला मला तोंड नाही. तरी तुमचीही माफी मागतो."

शैलानं कागद वाचला, दोनदा. मग पेन मागितलं, आणि चौथ्या दिवसाची तारीख मी एक दिवस पुढची लिहिली होती ती दुरुस्त केली.